नांदूरमध्यमेश्वर अभयारण्यात स्वयंसेवक म्हणून काम कसे करावे

नाशिक शहरापासून सुमारे ४० किलोमीटरवर, निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर ब्रिटिश राजवटीत एक दगडी बंधारा बांधला गेला. कालव्यांना पाणी पुरवणे एवढाच त्यामागचा हेतू होता. परंतु दोन्ही नद्यांनी वर्षानुवर्षे वाहून आणलेला गाळ बंधाऱ्यामागे साचत गेला, उथळ पाणी, चिखलाची बेटे, पाणगवताचे पट्टे आणि काठाची झाडी असे सारे तिथे एकमेकांजवळ तयार झाले, आणि सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतल्या या कोरड्या मुलखात पाणपक्ष्यांना हक्काची जागा मिळाली. १९८६ साली या परिसराला अभयारण्याचा दर्जा मिळाला. २०१९ मध्ये त्याची रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, नोंद झाली आणि महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ होण्याचा मान निफाड तालुक्याकडे आला. रामसरच्या नोंदीनुसार इथे वनस्पती आणि प्राणी मिळून ५३६ जाती आढळल्या आहेत.

हिवाळ्यात चापडगावच्या निरीक्षण मनोऱ्यावर सुटीच्या दिवशी चांगलीच वर्दळ असते. त्या वर्दळीतल्या काही जणांना पक्षी पाहून घरी परतणे पुरेसे वाटत नाही. या जागेसाठी आपणही काही करावे, असे त्यांच्या मनात येते. हे मार्गदर्शन त्यांच्यासाठी आहे. पक्ष्यांचा दिनक्रम न बिघडवता त्यांची खरी नोंद ठेवणे आणि आलेल्या पाहुण्यांनाही तसेच पाहण्याची सवय लावणे, हे स्वयंसेवकाचे मुख्य काम आहे. दुर्मीळ पक्ष्याचे छायाचित्र मिळवणे हा त्याचा भाग नाही, हे पहिल्याच दिवशी मनाशी ठरवलेले बरे; कारण या दोन गोष्टींची ओढ पुष्कळदा एकमेकींच्या विरुद्ध दिशेला असते.

सुरुवात कुठून करावी

अभयारण्याचा कारभार वनविभागाच्या नाशिक येथील वन्यजीव विभागाकडे आहे. तिथे एक साधा अर्ज करावा. त्यात आपले नाव, वय, राहण्याचे ठिकाण, महिन्यातून कोणते दिवस देता येतील आणि आपल्याला काय येते, हे स्पष्ट लिहावे. पक्ष्यांची माहिती असणे ही अट समजू नये. नीटनेटके अक्षर, संगणकावर तक्ते करण्याची सवय, लहान मुलांशी बोलण्याची हातोटी, चित्रकला, प्रथमोपचाराचे प्रशिक्षण, यांतले काहीही इथे उपयोगी पडते. अठरा वर्षांखालील मुलांनी पालकांचे संमतिपत्र जोडावे.

अर्ज करून घरी वाट पाहत बसण्यापेक्षा, आधी दोन-तीन वेळा साधा प्रवेशशुल्क भरलेला पाहुणा म्हणून जावे आणि चापडगावच्या स्थानिक गाइडबरोबर पूर्ण सकाळ फिरावे, असे मी आवर्जून सुचवेन. पाण्याच्या काठावर वाढलेली ही मुले कोणता थवा कोणत्या वेळी कुठे उतरतो हे जितके अचूक सांगतात तितके पुस्तकातून कळत नाही, आणि त्यांच्या ओळखीने गावात शिरलेला स्वयंसेवक परका राहत नाही. गाइडचे ठरलेले मानधन मात्र दर वेळी द्यावे. आपण विनामोबदला काम करतो म्हणून त्यांनीही करावे, अशी अपेक्षा ठेवणे अन्यायाचे आहे. त्यांच्या घरात पक्ष्यांमुळे चार पैसे येतात, तोवरच पाणथळ जागेची राखण गाव स्वतःहून करते.

हंगामाची सुरुवात पक्षी सप्ताहापासून करणे सोयीचे असते. ५ नोव्हेंबर हा अरण्यऋषी म्हणून ओळखले जाणारे लेखक मारुती चितमपल्ली यांचा, तर १२ नोव्हेंबर हा पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली यांचा जन्मदिवस. या दोन दिवसांमधला आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो आणि त्या काळात वनविभागाला मदतीच्या हातांची गरज असते. त्यानंतर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते. १९८७ पासून चालत आलेल्या या गणनेत अनेक देशांतील पाणथळ जागांवर जवळपास एकाच काळात पक्षी मोजले जातात. २ फेब्रुवारी हा जागतिक पाणथळ दिन. नव्या स्वयंसेवकाने नोव्हेंबरमध्ये ओळख, डिसेंबरमध्ये सराव आणि जानेवारीत प्रत्यक्ष गणना असा क्रम ठेवला, तर घाई होत नाही.

नाशिकहून छत्रपती संभाजीनगर रस्त्याने चांदोरीपर्यंत जाऊन सायखेड्यामार्गे चापडगाव गाठता येते. उजाडण्याच्या वेळी मनोऱ्यापाशी असायचे तर अंधारातच निघावे लागते, आणि ऊसतोडणीच्या दिवसांत बिनादिव्यांच्या बैलगाड्या व ट्रॅक्टर रस्त्यावर असतात, म्हणून वाहन सावकाश चालवावे.

सोबत काय असावे

दुर्बीण ८×४२ किंवा १०×४२ या मापाची असली की पुरते. पहिला आकडा वस्तू किती पट मोठी दिसेल तो आणि दुसरा पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास. नवख्याचा हात हलतो, त्यामुळे आठ पटीची दुर्बीण अधिक स्थिर वाटते. पाण्याच्या पलीकडच्या काठावरची बदके ओळखायला तिकाटण्यावरचा स्पॉटिंग स्कोप (एका डोळ्याने पाहायची मोठी दुर्बीण) लागतो, पण तो गटात एक असला तरी चालतो. खाकी, मातकट किंवा फिकट हिरवे कपडे, टोपी, पाण्याची बाटली, डबा, कडक पाठ्याची वही आणि शिसपेन्सिल एवढे घ्यावे. शाईचे पेन टाळावे, कारण पहाटेच्या दवात वही ओलसर होते आणि शाई पसरते.

मोजणी आणि नोंद

हेच स्वयंसेवकाच्या हातून होणारे सर्वांत मोलाचे काम आहे, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहितो.

प्रथम जागा ठरवावी आणि ती बदलू नये. एकाच ठिकाणाहून, साधारण एकाच वेळी आणि तेवढाच वेळ केलेल्या नोंदी वर्षानुवर्षे एकमेकींशी ताडून पाहता येतात. आज मनोरा, उद्या बंधारा, परवा मांजरगावचा काठ अशा फिरत्या नोंदींतून यादी मोठी होते, पण पक्षी वाढले की घटले हे सांगता येत नाही. सूर्य पाठीशी राहील अशी बाजू निवडावी, कारण समोरून ऊन आले की सारीच बदके काळी दिसतात.

वहीच्या पानावर सर्वांत वर तारीख, ठिकाण, सुरुवातीची वेळ, हवा आणि पाण्याची पातळी लिहावी. पातळीची नोंद अनेक जण सोडून देतात, आणि नेमकी तीच या जागेची किल्ली आहे. गंगापूर आणि दारणा धरणांतून सोडलेले पाणी याच बंधाऱ्यावर येते, इथून डाव्या-उजव्या कालव्यांना आवर्तने, म्हणजे सिंचनाच्या पाण्याच्या पाळ्या, सुटतात आणि पावसाळ्यात जायकवाडीकडे विसर्ग होतो. आवर्तन सुटून पाणी उतरले की चिखल उघडा पडतो आणि तुतवार, चिखल्या, शेकाट्या अशा काठाने चालणाऱ्या पक्ष्यांची गर्दी होते. पाणी चढले की तेच पक्षी दिसेनासे होतात आणि बुड्या मारणाऱ्यांना जागा मिळते. पातळी लिहिलेली नसेल, तर पुढे कोणीतरी ती वही वाचून शेकाटे अचानक नाहीसे झाले असा चुकीचा निष्कर्ष काढील. मोजपट्टी दिसत नसेल तर काठावरचा एखादा ठरावीक दगड किंवा झाडाचे खोड खूण म्हणून धरावे आणि पाणी त्याच्या किती वर-खाली आहे ते लिहावे.

आता प्रत्यक्ष मोजणी. समजा, समोर वारकरी नावाच्या काळ्या पाणपक्ष्यांचा मोठा थवा पाण्यावर पसरला आहे. थव्याच्या एका कडेचे दहा पक्षी एकेक करून मोजावेत आणि ते दहा दुर्बिणीच्या वर्तुळात किती जागा व्यापतात, हे नजरेत पक्के करावे. मग तेवढ्याच जागेचे तुकडे पाडत पन्नासापर्यंत जावे, आणि पन्नासाचा तुकडा डोळ्यांत बसला की तोच पुढे सरकवत थव्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत न्यावा. थवा सगळीकडे सारखा दाट नसतो. मध्ये पक्षी खेटून असतात, कडेला विरळ होतात. त्यामुळे विरळ भागात तुकडा मोठा धरावा लागतो. दोघांनी एकमेकांना न सांगता स्वतंत्रपणे मोजावे आणि नंतर आकडे ताडून पाहावेत. फरक फार असेल तर पुन्हा मोजावे. तरीही राहिला तर दोन्ही आकडे वहीत लिहावेत. मधला आकडा काढून लिहिल्याने नोंद नेटकी दिसते, खरी होत नाही. दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी वरून फिरू लागला की सारा थवा उठतो आणि मोजणी मोडते. अशा वेळी पेन्सिल खाली ठेवून थांबावे, थवा पुन्हा बसू द्यावा आणि पहिल्यापासून मोजावे.

ओळखीच्या बाबतीत सुरुवातीला चोच आणि वागणूक यांवर भर द्यावा, रंगावर कमी. थापट्या या बदकाची चोच टोकाला फावड्यासारखी रुंद असते आणि तो ती पाण्याच्या पृष्ठभागावर टेकवून मान पुढे ताणत पोहतो. चोचीच्या कडेला कंगव्यासारख्या बारीक पट्ट्या असतात, त्यांतून पाणी बाहेर जाते आणि सूक्ष्म खाद्य आत राहते. कधी कधी अनेक थापटे एकामागोमाग गोल फिरत राहतात, म्हणजे पुढच्याने ढवळून वर आणलेले खाद्य मागच्याला मिळते. हे दृश्य एकदा शांतपणे पाहिले की थापट्या ओळखायला पुन्हा पुस्तक उघडावे लागत नाही. तलवार बदक शेपूट वर आणि डोके पाण्यात असे उलटे होऊन तळाचे खाते. चक्रवाक बहुधा जोडीने असतो आणि त्याचा भगवा-तांबूस रंग दुरूनही लपत नाही. चमचा हा पक्षी उथळ पाण्यात चोच डावी-उजवीकडे फिरवत चालतो.

रंगावर भर न देण्याचे आणखी एक कारण आहे. हिवाळ्याच्या सुरुवातीला आलेल्या पुष्कळ नर बदकांचा विणीच्या काळातला भडक पिसारा अजून परत आलेला नसतो, त्यामुळे ते मादीसारखेच तपकिरी दिसतात. भुवई बदकाच्या नराची पांढरी भुवई त्या दिवसांत शोधून सापडत नाही. अशा वेळी वहीत «अनोळखी बदक» असे लिहून संख्या द्यावी. अनुभवी माणसेही तसेच लिहितात, आणि अंदाजाने ठोकून दिलेल्या नावापेक्षा ती नोंद अभ्यासकाला अधिक उपयोगी पडते.

घरी आल्यावर त्याच दिवशी ही यादी ईबर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर भरावी आणि दिसलेल्या सर्व जाती नोंदवून ती पूर्ण यादी म्हणून द्यावी, कारण जो पक्षी दिसला नाही त्याचीही माहिती पूर्ण यादीतूनच मिळते. फुलपाखरे, चतुर आणि वनस्पती यांच्यासाठी आयनॅचरलिस्ट हे तसेच नोंदींचे संकेतस्थळ चांगले. कागदी वही मात्र जपून ठेवावी आणि हंगाम संपल्यावर तिची एक प्रत वनविभागाच्या कार्यालयात द्यावी.

मनोऱ्यावरचे पाहुणे

शाळेची सहल आली की स्वयंसेवकाची खरी कसोटी असते. शंभर मुलांना एकदम मनोऱ्यावर चढवू नये. गट पाडावेत, आणि एक गट स्कोपपाशी असताना दुसऱ्याला काठावरची शंख-शिंपले, पाणगवत, चिखलातले पायांचे ठसे दाखवावेत. मुलांना नावांची लांबलचक यादी सांगण्याचा मोह टाळावा आणि एकच पक्षी पाच मिनिटे पाहायला लावावा: तो काय खातो, पाय कसे टाकतो, शेजारच्याशी भांडतो का. स्कोप मुलांच्या उंचीला आणून ठेवावा. चौथीतल्या मुलाला टाचा उंचावून काही दिसत नाही, आणि दिसले नाही की तो गोंगाट करणारच.

मोठ्यांना समजावताना आवाज चढवू नये. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला जवळ बोलावणे, थवा उडावा म्हणून टाळ्या वाजवणे किंवा दगड मारणे, फरसाण टाकणे, परवानगीवाचून ड्रोन उडवणे, हे सारे दिसले की शांतपणे पुढे होऊन कारण सांगावे. हजारो किलोमीटर उडून आलेले बदक दिवसभर खाऊन अंगात चरबी साठवत असते, कारण मार्चनंतर त्याला तेवढेच अंतर परत कापायचे असते. आपण एकदा थवा उठवला की ती साठवण तेवढी कमी होते. पट्टकादंब हा हंस तर परतताना हिमालय ओलांडतो. हे कारण कळले की बहुतेक लोक थांबतात, असा माझा अनुभव आहे. कोणी ऐकतच नसेल तर वाद न घालता वनरक्षकांना कळवावे, कारण कारवाईचा अधिकार त्यांचा आहे.

गाव, ऊस आणि बिबट्या

अभयारण्याभोवती माणसांची शेते आहेत, आणि थव्याने उतरलेले क्रौंच हरभऱ्याच्या शेतात शिरले तर नुकसान शेतकऱ्याचे होते. त्यामुळे बांधावर उभ्या असलेल्या काकांशी बोलताना उपदेशाचा सूर नको. आधी नमस्कार करावा, यंदा पाणी कसे आहे हे विचारावे, त्यांचे म्हणणे पूर्ण ऐकावे आणि पिकातून न जाता बांधावरूनच जावे. कोणत्या शेतात किती पक्षी उतरले, ही माहिती शेतकऱ्याइतकी अचूक कोणीही देत नाही.

निफाड तालुक्यात उसाच्या फडात बिबट्याचा वावर नेहमीचा आहे. पहाटे किंवा सांजावल्यावर फडाच्या कडेने एकट्याने चालू नये; बोलत, बॅटरी लावून, दोघा-तिघांनी जावे आणि वाकून बसणे टाळावे. तोडणीच्या वेळी फडात बछडे सापडले तर त्यांना उचलू नये, कुशीत घेऊ नये, फोटोसाठी गर्दी करू नये. तोडणी तिथे थांबवावी, लोकांना मागे न्यावे आणि वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवावे. मादी बहुधा जवळपासच असते. वनकर्मचारी बछड्यांची तपासणी करून अंधार पडताना त्यांना त्याच जागी ठेवतात आणि रात्री आई त्यांना घेऊन जाते. बछडे हलवले गेले तर आई त्यांच्या शोधात त्याच परिसरात घिरट्या घालत राहते, आणि तो धोका गावाला असतो.

मेलेला पक्षी हाताने उचलू नये. एकाच ठिकाणी एकापेक्षा अधिक मेलेले पक्षी दिसले, तर वनविभागाला तत्काळ कळवावे, कारण त्यामागे विषबाधा किंवा बर्ड फ्लू असू शकतो.

संक्रांतीचे आठ-दहा दिवस

जानेवारीत गणनेबरोबरच दुसरे काम येऊन ठेपते. नाशिक शहरात आणि विशेषतः येवल्यात संक्रांतीला पतंगांचा मोठा उत्सव असतो. नायलॉन मांजावर बंदी असूनही तो झाडांवर आणि तारांवर अडकलेला सापडतो, आणि रातथाऱ्याकडे परतणारे बगळे, शराट्या, घारी आणि वटवाघळे त्यात गुंततात. पहाट आणि संध्याकाळ या वेळा सर्वांत वाईट, कारण तेव्हाच थवे ये-जा करतात.

पक्षी मांज्यात अडकलेला दिसला तर मांजा ओढू नये. नायलॉनचा धागा पंखाच्या कातडीत शिरलेला असतो आणि ओढला की स्नायूपर्यंत कापत जातो. सुती कापड पक्ष्याच्या डोक्यावरून अलगद टाकावे, म्हणजे अंधार होऊन त्याची धडपड कमी होते. पंख अंगाशी मिटलेल्या स्थितीत धरून जखमेपासून चार बोटे अंतरावर दोन्ही बाजूंचा धागा कात्रीने कापावा आणि जखमेतला तुकडा तसाच राहू द्यावा. तो काढणे पशुवैद्यकांचे काम आहे. भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, तळाशी कापड घालून पक्षी ठेवावा आणि खोके शांत, उबदार जागी ठेवून १९२६ वर फोन करावा. चोच उघडून पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते. बगळ्याला हाताळताना त्याची चोच आपल्या डोळ्यांपासून दूर राहील याची काळजी घ्यावी, कारण घाबरलेला बगळा थेट डोळ्यावर मारतो. झाड उंच असेल किंवा विजेची तार जवळ असेल, तर स्वतः चढण्याचे धाडस करू नये. अग्निशमन दलाची मदत घ्यावी. सण उलटल्यावर पुढचे काही दिवस वाड्या-वस्त्यांवरचा आणि झाडांवरचा मांजा उतरवून गोळा करण्याचे काम चालू ठेवावे, कारण लोंबता मांजा महिनोन्‌महिने जीव घेत राहतो.

मार्चनंतर

स्थलांतरित पक्षी परतले तरी काम संपत नाही. पाणी कमी झाले की जलपर्णी काढण्याच्या मोहिमा निघतात. ही वनस्पती बाहेरून आलेली आहे, ती पाण्यावर जाड गालिचा पसरते आणि खालच्या पाण्यातला प्रकाश व प्राणवायू कमी करते, म्हणून ती काढणे आवश्यकच आहे. परंतु हे काम वनविभाग आणि जलसंपदा विभाग यांनी आखून दिलेल्या भागात आणि उन्हाळ्यातच करावे. पावसाळ्यात कमळपक्षी तरंगत्या वनस्पतींवरच अंडी घालतो, आणि अंडी उबवण्याचे काम नर करतो. जुलै-ऑगस्टमध्ये उत्साहाने ओढून काढलेल्या एका जुडग्याबरोबर त्याचे अख्खे घरटे काठावर येऊ शकते. पाणकोंबड्याही याच सुमारास पाणगवतात घरटी करतात, त्यामुळे त्या महिन्यांत काठावरूनच नोंदी घ्याव्यात.

ज्यांना पावसाळ्यात दुसरीकडे हात लावायचा असेल त्यांनी त्र्यंबकेश्वरच्या वाटेवरचे अंजनेरी किंवा दिंडोरीच्या बाजूचे बोरगड ही संवर्धन राखीव क्षेत्रे पाहावीत. अंजनेरीच्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडे राहतात आणि माथ्यावर अंजनेरीचे नाव धारण करणारी कंदीलपुष्पाची एक जात फुलते. ती गवतात सहज दिसत नाही, म्हणून पावसाळ्यात माथ्यावर मळलेली पायवाट सोडून चालू नये, आणि स्वयंसेवकाने वर उभे राहून इतरांनाही पायवाटेवर ठेवावे. काळवीट पाहायचे आणि मोजायचे असल्यास येवला तालुक्यातले ममदापूर आहे; तिथे उन्हाळ्यात पाणवठ्यांवर पाणी आहे की नाही हे पाहून वनकर्मचाऱ्यांना कळवणे, हेच स्वयंसेवकाचे सर्वांत उपयोगी काम ठरते. पाणवठ्यापाशी थांबून राहू नये. पातळी पाहून, काठावरचे खुरांचे ठसे टिपून लगेच दूर व्हावे, कारण माणूस हटल्याशिवाय कळप पाण्यावर येत नाही.